त्रेसष्ट शब्दांची यादी

१

गुरुवारी सकाळी कचेरीत आले तर टेबलावर चारशे बारा पत्रांचा ढीग, आणि चारशे बारा जणांचा प्रश्न एकच. ‘लेटर’ कुठे गेलं?

मी या वर्तमानपत्रात मुद्रितशोधक आहे. एकतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका काढून पोट भरते. पाठीमागे मला ‘शुद्धिपत्र’ म्हणतात, आणि मला ते ठाऊक आहे हे म्हणणाऱ्यांनाही ठाऊक आहे. पण ही चूक माझ्या नजरेखालून गेलेली नव्हती. रविवारच्या शब्दचक्राची उत्तरं मला कधीच दाखवत नाहीत. ती बंद पाकिटातून येतात, थेट पानावर चढतात.

शब्दचक्र म्हणजे सात इंग्रजी अक्षरं. सहा गोलात, एक मध्ये. त्यांतून होतील तेवढे इंग्रजी शब्द शोधायचे. शब्द निदान चार अक्षरांचा हवा, मधलं अक्षर त्यात हवंच, आणि कुठलंही अक्षर कितीही वेळा वापरलं तरी चालतं. या खेपेला मध्ये ई होतं आणि भोवती ए, बी, एल, एन, आर, टी. वर्तमानपत्राला पन्नास वर्षं झाली म्हणून बक्षीस मोटारगाडीचं होतं, त्यामुळे एरवी कोड्याच्या पानात चपला गुंडाळणारेही शब्दकोश घेऊन बसले होते. रविवारी उत्तरं छापून आली. त्रेसष्ट शब्द. टेबल होतं, लेबल होतं, बॅनर आणि बॅरलही होतं. पण लेटर नव्हतं, बेटर नव्हतं, बॅटल नव्हतं, टॅब्लेट नव्हतं. टॅलेंटही नव्हतं, पण आमच्या कचेरीत ते नसणं मला साहजिकच वाटलं.

तेवढ्यात संपादकांनी आत बोलावलं.

“बाई, दार लावून घ्या,” ते म्हणाले. टेबलावर दोन कागद होते. एक कोडेकाराने पाठवलेली उत्तरांची टंकलिखित यादी, तिला टाचलेल्या पाकिटावर आवक खात्याचा दहा तारखेचा शिक्का. दुसरं एका वाचकाचं कुपन. “ज्यांनी ज्यांनी पन्नासच्या वर शब्द शोधले, त्या प्रत्येकाकडे लेटर आहे. फक्त या एकाकडे नाही.”

मी दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि सवयीने शब्दाशब्दावर बोट ठेवत गेले. त्रेसष्टच्या त्रेसष्ट जुळले. एक जास्त नाही, एक कमी नाही. जे आमच्या यादीत गाळलं होतं, ते बरोबर तेवढंच कुपनातही गाळलेलं. कुपनावरचं अक्षर गोल, निळ्या शाईचं, आणि प्रत्येक शब्दाआधी छोटीशी बरोबरची खूण.

“शहाणा माणूस उत्तरं चोरतो, पण चुकाही चोरतो हा कसला शहाणा?” मी म्हणाले.

“पत्ता वाचा.”

वाचला. पत्ता आमच्या पान लावणाऱ्या मुलीचा होता. नाव तिच्या वडिलांचं.

२

ती मुलगी मी तयार केलेली. अकरा वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला मथळा आणि मजकूर यांतला फरक कळत नव्हता. आता संगणकावर रविवारची सोळा पानं एकटी लावते. नवरा नाही, आई नाही. घरी वडील, त्यांना अडीच वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, वाचा गेली. त्यांचा सगळा इलाज हिच्या नोकरीवर चालतो.

संपादकांनी मला उद्या संध्याकाळी पाचपर्यंत वेळ दिला. पाचला मालक येणार होते. त्यानंतर बडतर्फी आणि पोलिसांत तक्रार.

पाकीट तिघांच्या हातून जातं. कोडेकार देतो, पुरवणीचा उपसंपादक कपाटात ठेवतो, ही मुलगी उघडून पान लावते. उत्तरांचं पान ती कोड्याबरोबरच, दहा दिवस आधी लावून ठेवते.

पुरवणीवाल्याला मी जिन्यात गाठलं.

“तुम्ही पाकीट उघडलं होतं?”

“मी?” तो हसला. “अहो, मी स्वतःच्या लग्नाची पत्रिका उघडून बघितली नव्हती. आलं, कपाटात टाकलं, तिने मागितलं, दिलं. लाखेचा शिक्का शाबूत होता. तिलाच विचारा.”

मला तो खोटारडा निघाला असता तर फार बरं वाटलं असतं. पण खोटं बोलण्याला जी मेहनत लागते ती त्याच्या अंगात नव्हती. आणि त्याच्या खरेपणाने मुलीचाच गळा आवळला जात होता.

ती जेवणाच्या खोलीत बसली होती, डबा न उघडता.

“मावशी, शिक्का शाबूत होता. मीच फोडला.” तिने हे स्वतःहून सांगितलं. “दुसऱ्या कुणावर ढकलता आलं असतं तर ढकललं असतं. नाही ढकलता येत.”

“कुपन कुणी भरलं?”

“माझं अक्षर नाही. बाबांना पेन धरता येत नाही. घरी येणारं-जाणारं कुणी नाही.” मग तिने डबा बाजूला सारला. “सकाळी साहेबांनी कुपन दाखवलं तशी मी धावत घरी गेले. बाबांवर ओरडले. म्हटलं, माझ्या पिशवीतले कागद तुम्ही कुणाला दाखवलेत? ते नुसते बघत राहिले. मावशी, जो माणूस उत्तर देऊ शकत नाही त्याला मी तीन-तीनदा विचारलं.”

मी तिचा डबा उघडून तिच्यापुढे सरकवला. तिने तो परत झाकला.

३

आमच्या कोडेकाराला सगळे कोडेसम्राट म्हणतात. बत्तीस वर्षं दर रविवारी शब्दचक्र देणारा माणूस. बायको गेलेली, मुलं लांब. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहतात.

दार उघडायला त्यांना बराच वेळ लागला. खोलीत टेबल, टंकयंत्र, आणि पोळपाटाएवढा जाड शब्दकोश. शब्दकोशात खूण म्हणून एक हिरवं कार्ड घातलेलं. त्यावर तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे निळी बरोबरची खूण.

“लेटर कसं सुटलं?” मी बसण्याआधीच विचारलं.

“सुटलं म्हणजे? माणूस आहे. सुटतं.”

“बेटर, बॅटल, टॅब्लेटही?”

“तुम्ही माझी परीक्षा घ्यायला आलात?” त्यांनी डाव्या हाताने पाण्याचा पेला उचलला. उजवा हात मांडीवरच्या रुमालाखाली होता. “दोन वर्षांपूर्वी डोळ्यांचं ऑपरेशन झालं. तेव्हापासून त्रास होतो.”

“त्या मुलीची नोकरी चालली आहे. तिने यादी बाहेर दिली असं ठरवलंय सगळ्यांनी.”

पेला टेबलावर जरा जोरात टेकला. 

“गुणी मुलगी आहे,” ते म्हणाले. “तिच्या वडिलांसाठी तिला दवाखाना मीच सुचवला होता.”

मला त्यांची दया आली आणि रागही आला, दोन्ही एकदमच. मी पिशवीतून कागद काढून त्यावर ती सात अक्षरं मोठी लिहिली आणि त्यांच्यापुढे ठेवली.

“एक शब्द सांगा. कुठलाही. छापलेला चालेल.”

ते अक्षरांकडे बघत राहिले. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारसायकल सुरू केली, ती निघून गेली, तरी ते बघतच होते. कपाळावर घाम आला. मग त्यांनी कागद चुरगळला.

“चालत्या व्हा,” ते म्हणाले.

४

संध्याकाळी मी मुलीच्या घरी गेले. दोन खोल्या, स्वच्छ. वडील खिडकीशी खुर्चीत. चाळीस वर्षं तारखात्यात काढली म्हणून गल्ली त्यांना अजून तारमास्तर म्हणते. एकेका शब्दाला मोल पडायच्या काळातला माणूस. मुलगी सांगते, बाबा बोलायचे तेव्हाही तार केल्यासारखेच बोलायचे. ‘पोचलो. ठीक. जेवण हवं.’ आता तेवढंही नाही.

मी त्यांच्यासमोर कुपन धरलं. त्यांनी वाचलं. डोळे शब्दांवरून भराभरा खाली गेले, आणि शेवटाला पोचल्यावर त्यांनी डावी मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. पुन्हा आपटली. मुलगी रडायला लागली.

“चिडू नका बाबा. मी आता काही विचारत नाही.”

पण ते चिडले नव्हते. उभ्या आयुष्यात मी हजारो लेखकांचे चेहरे त्यांची मुद्रितं वाचताना बघितलेत. आपल्या मजकुरातला काही भाग गळला की माणूस नेमका असा दिसतो. मला ते जाणवलं, पण त्याचा अर्थ लागेना.

“यांना वाचता येतं?”

“इंग्रजी येतं. डॉक्टर म्हणतात, तारांमुळे ती वाट शाबूत राहिली. समोर अक्षरं ठेवली की शब्द जुळवतात. पण मनातलं काही सांगा म्हटलं की सगळं पुसलं जातं. तहान लागली हेसुद्धा सांगता येत नाही.”

“अक्षरं कुठे आहेत?”

“लाकडी ठोकळे आहेत. दवाखान्यात. मंगळवार, शुक्रवार मी यांना तिथे सोडून कामावर जाते, नंतर न्यायला येते.”

मी उठले. दाराशी खिळ्याला एक हिरवं कार्ड अडकवलं होतं. तारखा, आणि प्रत्येक तारखेपुढे निळी बरोबरची खूण.

५

शुक्रवारी सकाळी मी कचेरीच्या तळघरात जाऊन शब्दचक्राच्या जुन्या उत्तरांची बाडं काढली. धुळीने नाक भरलं. मला एकच बघायचं होतं: आणखी काय काय सुटलंय?

बत्तीस वर्षांपैकी पहिली तीस वर्षं निर्दोष. शेवटच्या दोन वर्षांत मात्र एक गंमत होती. ज्या शब्दात एकच अक्षर तीनदा येतं तसा एकही शब्द कुठल्याच यादीत नव्हता. दोनदा येणारे होते, तीनदा येणारे नाहीत. आणि या शेवटच्या यादीत एल दोनदा चाललं होतं, बी दोनदा, एन दोनदा, फक्त टी दोनदा चाललं नव्हतं. लेटर, बेटर, बॅटल, टॅब्लेट, टॅलेंट, सगळ्यांत टी दोन.

डोक्यातून शब्द काढणारा माणूस असं चुकत नाही. डोक्यात अक्षरं कधी संपत नाहीत. ती संपतात हातात.

मी रिक्षा करून दवाखाना गाठला. बोलण्याचा आणि बोटांचा व्यायाम घेणारी थेरपिस्ट तिशीतली होती, हसतमुख. मी म्हटलं, मला फक्त अक्षरांची पेटी दाखवा. तिने पेटी ओतली. प्रत्येक अक्षराचे ठोकळे दोन. मी मोजले. टी एकच होता.

“दुसरा महिन्याभरापूर्वी मोरीत गेला,” ती म्हणाली. “कधीचा नवा मागवलाय.”

“तारमास्तर या ठोकळ्यांनी शब्द मांडतात?”

“अहो, काय मांडतात! समोर ते दुसरे काका बसतात ना, ते पेपरातल्या कोड्याची सात अक्षरं देतात. हे मांडतात, मी उतरवून घेते. काकांना प्रत हवी असते, म्हणून खाली कार्बन घालते.” तिने फाइल उघडली. गोल अक्षर, निळी शाई, शब्दाआधी बरोबरची खूण. त्रेसष्ट शब्द. वर तारीख होती. सहा.

आमच्या यादीच्या पाकिटावरचा शिक्का दहाचा होता.

मी तारीख पुन्हा वाचली. दोन याद्या सारख्या निघाल्या की एक दुसरीवरून उतरवलेली असते, हे सगळ्यांनी बरोबर धरलं होतं. फक्त कुठली कुठलीवरून, हे कुणी विचारलं नव्हतं. तारमास्तरांनी आमची यादी चोरली नव्हती. आमची यादीच तारमास्तरांची होती.

“आणि कुपन तुम्ही भरलंत,” मी म्हणाले.

ती गोरीमोरी झाली. “रविवारच्या पेपरात तीच अक्षरं दिसली. मला वाटलं, काकांनी तिथूनच घेतली असतील. मी तारखा कशाला बघते? म्हटलं, तारमास्तरांच्या नावाने पाठवून द्यावं. मुलगी किती ओढते सगळं एकटी. गाडी लागली तर तिला रिक्षा शोधत उभं राहावं लागणार नाही. काही चुकलं का हो माझं?”

 फाइलच्या तळाशी तिने एक ओळ लिहिली होती, तिच्याकडे मी बघत होते. ‘पूर्ण शब्द त्रेसष्ट. अपूर्ण सतरा. चिडचिड.’

“हे अपूर्ण म्हणजे काय?”

“मध्येच अर्धवट शब्द मांडायचे आणि टेबलावर मूठ आपटायचे. थकले की होतं तसं.”

६

तीन वाजता मुलगी वडिलांना घेऊन दवाखान्यात आली. तिची पाचाची वेळ भरत आली होती. पाठोपाठ काठी टेकत कोडेसम्राट आले. मला बघताच ते मागे वळले.

“बसा,” मी म्हणाले. “पळायला तुम्हाला जमणार नाही आणि धावायला मला.”

ते बसले. मी सहा तारखेचं पान त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी बघितलंही नाही.

“डोळ्यांचं ऑपरेशन नव्हतं ते,” ते हळूच म्हणाले. “झटका होता. हात बरा झाला असता, चाललं असतं. पण अक्षरं... एल दिसतं, ई दिसतं, पण ती एकमेकांजवळ येतच नाहीत. तीस वर्षं डोळे मिटले की शब्द यायचे. आता चार अक्षरांचा एक शब्द सापडत नाही. यांना विचारायचो. हे द्यायचे. दोन वर्षं यांचंच घेतलं मी, आणि खाली माझं नाव.”

मुलगी उभीच होती. “तुम्हाला कालपासून माहीत होतं?” तिने विचारलं. “मी चोर ठरले तरी?”

“सांगितलं तर कोडं जातं. दुसरं काय उरलंय माझ्याकडे? सकाळी कशासाठी उठू?”

“मग मी कशासाठी उठू?” ती ओरडली. “माझी नोकरी गेली तर यांना इथे कोण आणणार? तुम्ही?”

 मान खाली घालून बसून राहिले. सव्वातीन. साडेतीन. मी समजावलं, धमकावलं, हात जोडले. फाइल होती, पण फाइलवर ‘दवाखान्याचा कागद, तारीख मागाहून टाकली’ असं म्हणायला मालकांना कितीसा वेळ लागणार? कोडेसम्राटांनी स्वतः कबूल केल्याशिवाय मुलगी सुटत नव्हती.  माझं अवसान गळालं.

मग ठोकळ्यांचा आवाज आला.

तारमास्तर डाव्या हाताने ठोकळे मांडत होते. एल. ई. टी. मग एक ठोकळ्याएवढी जागा मोकळी सोडली, बोटाने नीट मापून. मग ई. मग आर. आणि त्यांनी मूठ आपटली, त्या मोकळ्या जागेशेजारी.

थेरपिस्टने कपाळाला हात लावला. “अगं बाई. अपूर्ण.”

सतराच्या सतरा शब्द त्यांनी शोधले होते. लेटर, बेटर, बॅटल, टॅब्लेट, टॅलेंट. ठोकळा नव्हता म्हणून जागा सोडून दाखवले होते. सतरा वेळा मूठ आपटून सांगितलं होतं, आणि ती चिडचिड म्हणून लिहिली गेली. काल कुपन बघूनही ते तेच सांगत होते. मुलगी रडत बसली आणि मीही हात हलवत परत गेले.

कोडेसम्राट त्या मोकळ्या जागेकडे बघत होते. त्यांनी उजवं बोट कसंबसं उचललं आणि तिथे टेकवलं.

“टी,” ते म्हणाले. मग ओक्साबोक्शी रडायला लागले. दोन वर्षांत त्यांना सापडलेलं हे पहिलं अक्षर होतं. “माझ्यासमोर मांडत होतास रे. माझ्यासमोर. आणि मी यादी घेऊन निघून जायचो.”

ते उठले. थेरपिस्टकडे फोन मागितला. संपादकांशी ते दोनच मिनिटं बोलले, पण सगळं बोलले. शेवटी म्हणाले, “मुलीची माफी मागा. माझ्या वाटची मी मागतो.” तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती.

गाडी कुणालाच मिळाली नाही. शब्दचक्र त्या रविवारपासून बंद झालं. सतरा शब्दांची शुद्धी मी स्वतः छापली, खाली तारमास्तरांचं नाव घालून. पण हे सगळं नंतरचं.

त्या वेळी मी पिशवीतल्या एका जुन्या बसच्या तिकिटाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर माझ्या लाल पेन्सिलीने टी काढला, फाडला, आणि त्या मोकळ्या जागेत ठेवला. तारमास्तरांनी शब्द पुरा बघितला. मान हलवली. मुलगी त्यांच्या पायाशी बसली होती, गुडघ्यावर डोकं टेकून. “बाबा, चुकले. तुमच्यावर ओरडले मी. बाबा, बोला ना काहीतरी.” बोलून गेली, आणि आपण काय मागितलं हे लक्षात येऊन तिने तोंडावर हात धरला.

त्यांनी ठोकळे विस्कटले. थोडा वेळ बघत राहिले. मग लाकडी टी ओढला. त्यापुढे ई. त्यापुढे ए. आणि बोट मुलीकडे केलं, मग स्वतःकडे, मग समोर रडणाऱ्या कोडेसम्राटांकडे.

“चहा,” थेरपिस्ट पुटपुटली. “अहो, चहा मागतायत. मनातलं मागतायत!”

मुलगी हसत होती की रडत होती ते मला नीट दिसलं नाही. माझा चष्मा ओला झाला होता. चार अक्षरांपेक्षा कमी शब्द नियमात बसत नाही, पण त्या दिवशी मी तो धरला, आणि चहा सांगायला बाहेर गेले.